गावाने चार लाख जमवले. आता शाळेसाठी नेमकं घ्यायचं काय?

प्रश्न नाशिक जिल्ह्यातल्या निफाड तालुक्यातल्या एका गावच्या शाळा व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षांचा आहे. जिल्हा परिषदेची शाळा, पहिली ते पाचवी, पट ६४, शिक्षक दोन. यंदा द्राक्षाचा हंगाम बरा गेला म्हणून गावाने शाळेसाठी चार लाख रुपये वर्गणी जमवली. तरुण मंडळी म्हणतात, मोठा टच स्क्रीन टीव्ही घेऊन शाळा डिजिटल करू. दुसरा गट म्हणतो, कंपाउंड आणि रंगकाम करू. आणि सभेत एका आजोबांनी विचारलं, "सरकार कर घेतं, शाळा सरकारची, मग पैसे आपण का घालायचे?" त्यावर कोणाला उत्तर सुचलं नाही. अध्यक्षांचं म्हणणं एवढंच, की मुलांना नीट वाचता येत नाही, आणि या पैशातून ते सुधारेल असं काहीतरी सांगा.

भाऊ, मी १९८८ साली जिल्हा परिषदेत शिक्षिका म्हणून लागले. बागलाण, कळवण, शेवटी निफाड असं फिरत केंद्रप्रमुख, म्हणजे आसपासच्या शाळांच्या एका गटावर देखरेख करणारी, म्हणून निवृत्त झाले. त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

चार लाख बाजूला ठेवा, आधी तुमचा पट बघू. शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत पहिली ते पाचवीसाठी ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक आणि ६१ ते ९० मुलांना तीन शिक्षक असं स्वच्छ लिहिलंय. तुमची मुलं ६४. म्हणजे वर्गणीचा विचार करायच्या आधी तुमच्या समितीने तिसऱ्या शिक्षकाची मागणी लेखी द्यायला हवी. संच मान्यतेचे, म्हणजे कुठल्या शाळेला किती शिक्षक द्यायचे ते ठरवण्याचे, राज्यातले निकष मधूनमधून बदलतात, अलीकडे ते कडकही झालेत, म्हणून तुम्हाला "बसत नाही" असं उत्तर मिळण्याची शक्यता आहे. मिळू दे. पण ते लेखी घ्या. संच मान्यता ३० सप्टेंबरच्या पटावर होते, आणि त्या दिवशी यू-डायस प्लस या शाळांच्या माहितीच्या सरकारी पोर्टलवर आधार जुळलेली मुलंच मोजली जातात. एखाद्या मुलाच्या आधारवर नाव एक आणि दाखल्यावर दुसरं असेल, तर ते मूल वर्गात रोज बसतं पण कागदावर नसतं. जुलैतच दोन दिवस काढून ही नावं दुरुस्त करून घ्या. याला पैसा लागत नाही, आणि चार लाखांच्या टीव्हीपेक्षा यातून जास्त पदरात पडू शकतं.

कसं ते हिशोबानेच सांगते. अनुभवी प्राथमिक शिक्षकाचा पगार महिना ६० हजार धरा. वर्षाचे ७ लाख २० हजार झाले. कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीचे कामाचे दिवस किमान २०० आणि अध्यापनाचे तास ८००. म्हणजे शिक्षकाचा एक दिवस ३,६०० रुपयांचा आणि एक तास ९०० रुपयांचा. शाळेतली सगळ्यात महागडी वस्तू तीच आहे. टीव्ही नाही, इमारतही नाही. आता हे तास जातात कुठे ते बघा. मतदार याद्या, सर्वेक्षणं, खिचडीचा हिशोब, तांदळाचा साठा, रोज नवं ॲप, रोज नवी लिंक, "आजच्या आज माहिती पाठवा" असा संदेश आणि त्याच्याखाली उपक्रमाचा फोटो मागणारा दुसरा संदेश. कायद्याचं कलम २७ म्हणतं की दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून शिक्षकाला अशैक्षणिक काम देता येत नाही. पण २०२४ च्या जानेवारीत मागासवर्ग आयोगाचं सर्वेक्षण आलं, तेव्हाही घरोघर फिरायला शिक्षकांनाच पाठवलं. दोनशिक्षकी शाळेतला एक शिक्षक बाहेर गेला की दुसऱ्यासमोर पाच वर्ग बसतात. तो फळ्यावर काहीतरी लिहून देतो आणि मुलं उतरवत बसतात. त्या दिवशी शिकवण्याची कुठली पद्धत वापरली म्हणून विचारणार?

लोक म्हणतात, शिक्षणाचा सगळा पैसा पगारात जातो. जातोच. प्राथमिक शिक्षणात पगारच जाणार, कारण तिथे माणूस माणसाला शिकवतो. तक्रार करायचीच तर पगार देऊन त्या माणसाला दुसऱ्याच कामाला जुंपतात याची करा.

आता वाचनाकडे येऊ. तुमच्या तिसरी ते पाचवीच्या वर्गांत पंचेचाळीस-पन्नास टाळकी असतील. त्यातली काही सरळ गोष्ट वाचतात, काही अक्षराला अक्षर लावतात, काहींना क आणि फ मधला फरकही पक्का नाही. आपली जुनी सवय अशी, की पाचवीचं पुस्तक पाचवीतल्या सगळ्यांना एकाच तासाला शिकवायचं. ज्याला येतं तो कंटाळतो, ज्याला येत नाही तो गप्प बसायला शिकतो. हे फक्त आपल्याकडचं नाही. 'असर' या मुलांचं वाचन-गणित तपासणाऱ्या सर्वेक्षणाच्या २०२४ च्या अहवालात देशभरातल्या ग्रामीण सरकारी शाळांत तिसरीच्या १०० मुलांमागे जेमतेम २३ मुलांना दुसरीचा उतारा वाचता आला. २०२२ मध्ये तर तो आकडा १६ होता. वाढ झाली, हे खरं. पण उरलेली ७७ मुलं चौथीत गेलीच.

यावरचा उपाय मला कोणी प्रशिक्षणात सांगितला नाही. बहुवर्ग शाळेत गरजेपोटी तो हाती लागला आणि नंतर कळलं की त्याच्यावर मोठमोठे अभ्यास झालेत. सकाळचा दीड तास इयत्ता विसरायची. तिसरी, चौथी, पाचवी एकत्र करायची आणि मुलं जिथे आहेत त्या पातळीप्रमाणे गट पाडायचे: अक्षर, शब्द, वाक्य, परिच्छेद, गोष्ट. गट ठरवायला लेखी चाचणी नको. एकेका मुलाला जवळ बसवायचं, पुढ्यात एक कार्ड ठेवायचं आणि ऐकायचं. मुलामागे पाच मिनिटं लागतात. ६४ मुलांची ३२० मिनिटं, म्हणजे दोन शिक्षकांच्या दोन सकाळी. दर दीड-दोन महिन्यांनी पुन्हा ऐकायचं आणि मूल पुढच्या गटात सरकवायचं. मुंबई आणि वडोदऱ्यात २००१ ते २००३ च्या सुमारास 'प्रथम' संस्थेच्या बालसखी कार्यक्रमाचा अभ्यास झाला. वस्तीतल्याच तरुण मुली मागे पडलेल्या मुलांना रोज सुमारे दोन तास वेगळं घेऊन शिकवायच्या. मुलं सुधारली, आणि खर्चही फार नव्हता. त्या अभ्यासात अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो होते. पुढे २०१९ चं अर्थशास्त्राचं नोबेल त्यांना आणि मायकेल क्रेमर यांना मिळालं.

अक्षरगटाचं थोडं सविस्तर सांगते, कारण खरा घोळ तिथेच आहे. कितीतरी शाळांत अजून क ख ग घ ङ ओळीने घोटून घेतात. मूल तोंडपाठ म्हणतं, पण मधलंच 'ढ' दाखवलं तर पुन्हा 'ट'पासून म्हणत येतं. त्याऐवजी न, म, र आणि काना एवढंच घ्या. चौथ्या दिवशी मूल नाम, मान, रान, मार, मामा, नारा वाचतं. स्वतः वाचतं! त्या वेळचा चेहरा बघण्यासारखा असतो. मग ल, क आणि वेलांटी. अशा पाच-सहा गटांत बहुतेक मुलं सोपी गोष्ट वाचायला लागतात. याला लागतं काय? अक्षरकार्डं, मोठ्या टायपातली पातळ पुस्तकं, आणि रोज तेवढा वेळ त्या गटापाशी बसणारं माणूस.

माणूस म्हटलं की भाषा आली. मी बागलाणात नवी होते तेव्हाची गोष्ट. दुसरीतल्या एका मुलीने पाटीवर लिहिलं होतं, 'घरमा मांजर शे.' मी 'घरमा'वर काट मारून वर 'घरात' लिहिलं, 'शे'वर काट मारून 'आहे' लिहिलं. शिकवलं असं वाटलं मला. त्यानंतर दिवाळीपर्यंत ती पोर वर्गात बोलली नाही. तिच्या आईने येऊन विचारलं, "बाई, पोरगी घरी चुरूचुरू बोलते, शाळेत मुकी कशी?" मुलीने अनुस्वार, काना, मात्रा सगळं बरोबर लिहिलं होतं. तिची अहिराणी तिला येत होती, मला येत नव्हती. पुढे मी फळ्याचे दोन भाग केले. डावीकडे मुलं घरी म्हणतात तसं, उजवीकडे पुस्तकात असतं तसं. घरमा, घरात. झाडवर, झाडावर. मुलंच उजवी बाजू भरायला लागली. सुरगाणा-पेठकडे कोकणा बोलणाऱ्या मुलांच्या वर्गातही हाच फळा चालतो. खर्च शून्य. मात्र शिक्षकाला गावात चार माणसांशी बोलावं लागतं.

गणितातही तोंडाचं आणि कागदाचं असंच भांडण असतं. आपल्या मराठीत पंचवीस म्हणताना पाच आधी आणि वीस नंतर, पण लिहिताना २ आधी आणि ५ नंतर. म्हणून पहिली-दुसरीतलं मूल पंचवीस ऐकतं आणि ५२ लिहितं. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात पंचवीसच्या जोडीला 'वीस पाच' असं वाचन आलं, तेव्हा केवढा गदारोळ झाला! मराठी बुडाली वगैरे. मी तेव्हा नोकरीत होते आणि माझ्या केंद्रातल्या काही वर्गांत ते वापरून पाहिलं. दशकाच्या काड्यांचे गठ्ठे हातात देऊन 'दोन गठ्ठे आणि पाच सुट्या, वीस पाच, म्हणजेच पंचवीस' असं म्हटलं की उलटसुलट लिहिणं कमी होतं. महिन्या-दोन महिन्यांत मूल 'वीस पाच' सोडून देतं. त्र्याऐंशी आणि अठ्ठ्याहत्तरला घाबरणाऱ्या मुलाला तेवढा आधार मिळाला तर मराठीचं काय बिघडतं, मला अजून कळलेलं नाही.

तुमच्या भागातली मुलं तर बाजाराच्या हिशोबात वाढतात. लासलगावच्या बाजूच्या एका शाळेत चौथीचा एक मुलगा भागाकार-गुणाकारात नापासच धरलेला. त्याच्या वडिलांची कांद्याची पट्टी, म्हणजे बाजारातल्या विक्रीची पावती, दप्तरात होती. मी विचारलं, चौदा क्विंटल साठ किलो, भाव साडेबाराशे, किती झाले? डोळे मिटून म्हणाला, "चौदाचे साडेसतरा हजार, साठ किलोचे साडेसातशे. अठरा हजार अडीचशे. पण बाई, हमाली-तोलाई कापतात ना." हेच गणित फळ्यावर मांड म्हटलं तर खडू हातात घेऊन उभा. त्या दिवसापासून त्या वर्गात आठवड्यातून एकदा पट्टी यायची. एकूण रक्कम, कपात, हाती आलेले पैसे, गेल्या आठवड्याचा भाव आणि या आठवड्याचा. हातच्याची वजाबाकी, दशांश, सरासरी सगळं त्या एका कागदावर आहे. त्याच्या तोंडी हिशोबाची एकेक पायरी तो बोलेल तशी फळ्यावर लिहायची, इतकंच शिक्षकाने करायचं. पण पट्टी कोणाची आहे हे वर्गात जाहीर करू नका. एकदा मी ती चूक केली आणि पोरांनी एकाच्या बापाला मिळालेल्या भावावरून त्याला पिडलं.

आता टीव्ही. मी त्याच्या विरोधात नाही. २०१५-१६ नंतर डिजिटल शाळांची लाट आली तेव्हा लोकवर्गणीतून आलेले कितीतरी संच मी उद्‌घाटनाला पाहिले आणि पुढच्या भेटीत कापडाखाली झाकलेले पाहिले. एका शाळेत टॅब्लेट गोदरेजच्या कपाटात कुलूपबंद. मुख्याध्यापक म्हणाले, "मॅडम, हरवला तर वसुली माझ्याकडून." त्यांचं काय चुकलं? कुठे वीजबिल थकून जोडणी तोडलेली, कुठे सॉफ्टवेअरची मुदत संपलेली. वर ज्या अभ्यासाचं सांगितलं, त्यातच वडोदऱ्यात मुलांनी आठवड्याला दोन तास संगणकावर गणिताचे खेळ खेळले आणि त्यांचं गणित चांगलंच सुधारलं, हेही सांगायला हवं. पण तिथे दोन-दोन मुलं एका संगणकावर, स्वतः उत्तरं देत, स्वतःच्या पातळीने पुढे जात होती. भिंतीवरच्या मोठ्या टीव्हीसमोर साठ मुलं नुसती बघतात. लग्नाची सीडी बघावी तशी.

रंगकामाबद्दल तर मी माझीच फजिती सांगते. २२ जून २०१५ ला 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' या सरकारी कार्यक्रमाचा शासन निर्णय आला. साताऱ्याच्या कुमठे बीटमध्ये, म्हणजे तिथल्या शाळांच्या गटात, ज्ञानरचनावादी पद्धतीने, स्वतः करून समजून घेत, मुलं शिकताना बघायला राज्यभरातून शिक्षकांच्या गाड्या जात होत्या. आम्हीही गेलो. तिथे जमिनीवर रंगवलेले तक्ते होते, गोल होते, अंकांच्या पट्ट्या होत्या. परत आल्यावर मी केंद्रातल्या सगळ्या शाळांना फरशा रंगवायला लावल्या. अनुदान कमी पडलं तिथे शिक्षकांनी पदरचे घातले. दोन पावसाळ्यांत रंग उडाला, आणि वाचन होतं तिथेच. कुमठ्याचे शिक्षक मुलाला ऐकत होते, त्याच्याजवळ बसत होते, ते मला दिसलंच नाही. मी रंग बघून आले. तेव्हापासून कोणी 'आदर्श शाळा बघायला चला' म्हटलं की मी विचारते, बघणार काय?

याच कारणाने हिवाळीचं उदाहरण मी जपून देते. त्र्यंबकेश्वर तालुक्यातली ती जिल्हा परिषदेची शाळा वर्षाचे ३६५ दिवस चालते, मुलं दोन्ही हातांनी लिहितात, पाढे ऐकून थक्क व्हायला होतं. त्या शिक्षकाला माझा मनापासून नमस्कार. पण ज्या शिक्षिकेला घरी तान्हं मूल आहे, जी रोज ४० किलोमीटर ये-जा करते, तिला "हिवाळीसारखं करा" म्हणणं म्हणजे तिच्या बाकीच्या आयुष्यातून शाळेचा खर्च भागवणं. जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या तीन हजारांहून जास्त शाळा आहेत. त्या असामान्य माणसांवर चालवता येत नाहीत. साध्या, प्रामाणिक शिक्षकाला जमेल एवढीच पद्धत हवी, आणि ती करायला त्याला वेळ हवा.

आता आजोबांचा प्रश्न. तो मला फार आवडला. आपण आयकरावर ४ टक्के आरोग्य व शिक्षण उपकर देतो. २००४ मध्ये तो २ टक्क्यांनी सुरू झाला, २००७ पासून ३ झाला आणि २०१८ पासून आरोग्य धरून ४. बागाईतदार म्हणेल, मी कुठे आयकर भरतो? पण औषधाच्या बाटलीपासून ट्रॅक्टरच्या टायरपर्यंत जीएसटी भरताच ना. घोळ असा, की उपकराचा पैसा राज्यांच्या वाट्याच्या कोठीत पडत नाही. तो केंद्राकडे राहतो आणि समग्र शिक्षा, पोषण आहार अशा योजनांतून अटी घालून परत येतो. समग्र शिक्षेत केंद्राचे ६० आणि राज्याचे ४०. तिथून तुमच्या शाळेपर्यंत पोचतं काय, तर संयुक्त शाळा अनुदान. ३१ ते १०० पटाला वर्षाला २५ हजार. त्यातले किमान १० टक्के स्वच्छतेला. उरलेल्यात वीजबिल, खडू, स्टेशनरी, किरकोळ दुरुस्ती, इंटरनेट. माझ्या नोकरीत हे पैसे जूनमध्ये आलेले मी क्वचित पाहिले. फेब्रुवारी-मार्चमध्ये यायचे आणि ३१ मार्चच्या आत खर्च करा म्हणून फोन. मग वर्षभर खडू उधार आणि मार्चमध्ये नको असलेला सतरंज्यांचा गठ्ठा. कमी पैशाने जेवढं नुकसान होतं, त्याहून जास्त या उशिराने होतं.

देशाने शिक्षणावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या ६ टक्के खर्च करावा असं कोठारी आयोगाने १९६६ मध्ये सांगितलं. २०२० च्या राष्ट्रीय धोरणानेही तोच आकडा पुन्हा लिहिला आणि त्याच कागदात २०१७-१८ चा प्रत्यक्ष खर्च ४.४३ टक्के असल्याचं कबूल केलं. मी जन्मले त्याच्या आसपासची शिफारस, मी निवृत्त झाले तरी शिफारसच.

आजोबांना हेही सांगा. आपल्याच जिल्ह्यात, मालेगाव तालुक्यातल्या कौळाण्याचा गोपाळ नावाचा मुलगा दत्तक जाऊन बडोद्याचा सयाजीराव झाला. त्यांनी १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केलं आणि १९०६ मध्ये साऱ्या संस्थानात लागू केलं, दरबारच्या तिजोरीतून. त्याआधी १८८२ मध्ये महात्मा फुल्यांनी इंग्रज सरकारच्या शिक्षणविषयक हंटर आयोगासमोर मांडलं होतं की महसूल येतो रयतेच्या कष्टातून आणि खर्च होतो वरच्या वर्गांच्या शिक्षणावर. म्हणजे आजोबांचा सवाल जवळजवळ दीडशे वर्षांचा आहे आणि बरोबर आहे. शिक्षकाचा पगार, खोल्या, पुस्तकं, आहार हे सरकारचंच देणं. ते वर्गणीतून भागवायला लागलात की सरकार खुशाल अंग काढून घेईल.

आणि वर्गणीची दुसरी बाजू तुम्हाला निफाडातून दिसणार नाही, म्हणून सांगते. तुमच्या गावाने एका हंगामात चार लाख जमवले. सुरगाण्यातल्या पाड्यावर चार हजार जमवणं अवघड. ऑक्टोबर छाटणीला तिथलीच कुटुंबं तुमच्या आणि दिंडोरीच्या बागांत येतात, पोरंबाळं घेऊन. म्हणजे तुमच्या द्राक्षाच्या हंगामात त्या माणसांची मेहनत आहे आणि त्यांची मुलं त्याच महिन्यांत शाळेबाहेर आहेत. लोकवर्गणीवर शाळा चालवायच्या ठरल्या तर जिथे पैसा आहे तिथेच शाळा चांगली होणार. कंपन्यांच्या सीएसआरचं, म्हणजे सामाजिक कामासाठीच्या पैशाचंही तेच. नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतींतून निघालेली गाडी तासाभराच्या अंतरातली, रस्त्याकडेची शाळा शोधते. फोटो चांगला येतो. सुरगाणा, पेठसारख्या पेसा भागात, म्हणजे आदिवासी ग्रामसभांना जादा अधिकार देणारा कायदा लागू आहे तिथे, आदिवासी उपयोजनेतला ५ टक्के निधी थेट ग्रामपंचायतीला मिळतो आणि शिक्षणावर खर्चता येतो, पण ग्रामसभेत रस्ता आणि सभामंडपापुढे शाळेचा नंबर लागायला कोणीतरी उठून बोलावं लागतं.

तुमच्या गावात आणखी एक हिशोब मांडून बघा. सकाळी सातला पिवळ्या गाडीतून इंग्रजी शाळेत जाणारी मुलं किती? एका गावात मी मोजली होती, चाळीस निघाली. फी आणि गाडीभाडं मिळून वर्षाला अठराएक हजार. चाळीस गुणिले अठरा हजार म्हणजे ७ लाख २० हजार. वर काढलेला एका शिक्षकाचा वर्षाचा पगार तेवढाच होता. त्या पालकांना दोष देऊ नका, पण समितीच्या सभेला त्यांनाही बोलवा. त्यांची शाळा ती नाही, पण गावची शाळा त्यांचीही आहे.

तर चार लाखांचं काय? मी तुमच्या जागी असते तर असं केलं असतं. पिण्याचं पाणी, हात धुण्याची जागा, स्वच्छतागृह यांना वर्गणीतला एक रुपया लावायचा नाही. ग्रामपंचायतीला वित्त आयोगाचा निधी येतो, त्यातला बंधित भाग पाणी आणि स्वच्छतेसाठीच असतो. शाळेची कामं गावच्या विकास आराखड्यात घाला आणि तिथून करा. कंपाउंड आणि खोलीदुरुस्ती जिल्हा नियोजन किंवा समग्र शिक्षेतून मागा; उशीर होईल, पण मागणीची नोंद तरी राहील. पुस्तकं, अक्षरकार्डं, काड्या, मण्यांच्या माळा, गोष्टींच्या पातळ पुस्तकांचे दोन-तीन संच: ४० हजारांत उत्तम होतात. पुस्तकं कपाटात नकोत, दोरीवर अडकवा. फाटली तर फाटू द्या, त्यासाठीच ती आणलीत.

गावातली बारावी-पदवी झालेली एखादी सून किंवा मुलगी रोज सकाळी दोन तासांसाठी बघा. महिना ६ हजार, दहा महिने, दोन वर्षं: १ लाख २० हजार. तिने अक्षर आणि शब्द गट घ्यायचे, शिक्षकांनी वाक्य आणि गोष्टीचे. तिला पहिला महिना शिक्षकांच्या शेजारी बसून शिकू द्या. ती शिक्षक नाही, हे ठरावात लिहा. नाहीतर उद्या तिसऱ्या पदाच्या अर्जावर "गावाने व्यवस्था केली आहे" असा शेरा येईल. असं झालेलं मी पाहिलंय. नोव्हेंबरनंतर बागांवर आलेल्या मुलांना शाळेत आणायचं कामही तिच्याकडे द्या. त्यांच्याकडे स्थलांतर करणाऱ्या मुलांना मिळणारं शिक्षण हमी पत्रक असलं तर उत्तम, नसलं तरी दाखल्यासाठी मुलाला दारातून परत पाठवता येत नाही.

वायरिंग, पंखे, फळे नीट करायला ३० हजार. झाले १ लाख ९०. उरलेले २ लाख १० हजार समितीच्या नावाने बँकेत ठेव म्हणून ठेवा. व्याजातून महिन्याला हजार-अकराशे सुटतील. वीजबिल आणि खडू त्यात भागतात, आणि मार्चच्या अनुदानाची वाट बघावी लागत नाही. टीव्ही हवाच असेल तर दोन वर्षांनी, मुलं वाचायला लागली की, त्यांनाच विचारून घ्या. प्रत्येक देणगीची पावती फाडा. आणि वर्गणी न देणाऱ्याच्या मुलाला कोणी काही बोललं, तर त्याच सभेत विषय संपवा. प्रवेशासाठी देणगी मागणं कायद्याने गुन्हा आहे.

शाळा १५ जूनच्या आसपास उघडेल. पहिल्या आठवड्यात वाचनाची ती पाच-पाच मिनिटांची चाचणी होईल तेव्हा समितीतल्या दोन आयांना शेजारी बसवा. एकीला स्वतःला वाचता येत नसेल तरी चालेल. मूल अडखळतंय की सरळ वाचतंय हे तिला ऐकून कळतं. मी कित्येकदा त्यांच्याकडूनच पडताळून घेतलंय. ६४ नावांपुढे त्या दिवशीचा गट लिहून तो कागद ऑफिसच्या भिंतीवर नको, समितीच्या वहीत चिकटवा. दिवाळीच्या सुट्टीआधी पुन्हा ऐका आणि दोन्ही कागद घेऊन मला फोन करा. आमचं गाव तुमच्यापासून फार लांब नाही, मीच येईन.